मॅन्युअल मोडमध्येही कॅमेरा आपल्या मनाने एक्स्पोजर बदलतोय – माझा संकासुर राखाडी आला!

रानजाई

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी वेंगुर्ल्याजवळ माझ्या आजोळी जत्रा होती. पालखी देवळाभोवती फिरून आली आणि साडेबाराच्या सुमारास दशावतार, म्हणजे आमच्याकडचं रात्रभर चालणारं लोकनाट्य, उभा राहिला. पहाटेपर्यंत बसून मी चारशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन संगणकावर उघडले आणि डोळ्यांत पाणीच आलं.

मोडची डायल एमवर, म्हणजे मॅन्युअलवर होती, याची पक्की खात्री आहे. शटर (किती वेळ उघडं राहतं) १/२५०, अ‍ॅपर्चर एफ/४ (लेन्सचं उघडलेलं भोक), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६००. मांडवातले दिवे रात्रभर तेच, कुणी हलवलेसुद्धा नाहीत. उजेड तोच आणि सेटिंग तीच, तरी फोटो वेगवेगळे. गणपतीच्या प्रवेशाचे ठीक आले. रिद्धी-सिद्धीचे थोडे उजळ. संकासुर, म्हणजे नाटकातला काळ्या झग्यातला असुर, आला आणि सगळं बिघडलं. त्याचा काळाकुट्ट झगा राखाडी, शंभर वेळा धुतल्यासारखा. बुरख्यावरची लालभडक जीभ फिकट गुलाबी. मागच्या पडद्यावर दाणेच दाणे. त्याच्यापाठोपाठ विष्णू आला, तर पुन्हा बऱ्यापैकी ठीक.

सोमवारी कॅमेरा एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवला. त्यांनी दोन मिनिटं हातात धरला आणि "मीटर गेलाय, बोर्ड बदलावा लागेल" म्हणून नऊ हजार सांगितले. कॅमेरा पाच वर्षांचा आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कुणाचा हे अजून कळलेलंच नाही.

घाई अशासाठी की या मंडळात संकासुर करणारे काका यंदा शेवटचं रंगतायत. पुढच्या वर्षीपासून रंगायला बसणार नाहीत म्हणाले. मी लहानपणी त्यांना घाबरून आईच्या पदरात शिरायचे. हंगाम संपायच्या आत त्यांचा एक चांगला फोटो मला काढायचाच आहे. कृपया मदत करा.

अंधारवाट

मीटरिंग (कॅमेरा कुठला उजेड मोजतो ते) कशावर आहे? पूर्ण फ्रेमवर असेल तर स्पॉटवर घ्या आणि चेहऱ्यावर धरा. काळ्या कपड्यांनी मीटर फसतो.

काजळदिवा

रानजाईताई, बोर्ड अजिबात बदलू नका. आधी फोटोलाच विचारू. प्रत्येक फाइलमध्ये कॅमेरा स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की कुठल्या आकड्यांवर फोटो काढला. संगणकावर फाइलच्या प्रॉपर्टीज उघडा, नाहीतर कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बघताना माहितीचं पान पुढे करा. गणपती, संकासुर आणि विष्णू अशा तीन फोटोंचे शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ हे तिन्ही आकडे इथे लिहा. तुम्ही लावलेले नकोत, फाइलमध्ये नोंदलेले हवेत.

अंधारवाट, तुमचा सल्ला अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मोडला (भोक आपण ठरवतो, शटर कॅमेरा) बरोबर आहे. पण तिन्ही गोष्टी खरोखर हाताने बांधलेल्या असतील, तर मीटर कुठेही बघत असला तरी फोटोत काडीचाही फरक पडत नाही. तो फक्त काटा दाखवतो, ऐकायचं की नाही ते आपण ठरवतो. इथे काळ्या झग्यातला संकासुर आल्याबरोबर फोटो बदलला. म्हणजे कुठेतरी मीटरचं ऐकलं जातंय. तीनपैकी एक गोष्ट मोकळी आहे, एवढं मी फोटो न बघताही सांगतो.

रानजाई

लगेच बघितलं.

गणपती – १/२५०, एफ/४, आयएसओ १६००
संकासुर – १/२५०, एफ/४, आयएसओ ६४००
विष्णू – १/२५०, एफ/४, आयएसओ २०००

मी ६४०० लावलेलं नाही हो! आत्तासुद्धा मेनूत १६००च दिसतंय.

काजळदिवा

सापडलं. तुमचा मीटर उत्तम आहे आणि बोर्डही उत्तम आहे. ऑटो आयएसओ चालू राहिलंय.

जरा सविस्तर लिहितो, कारण हा घोळ फार जणांचा होतो. मॅन्युअल हे नाव फिल्मच्या काळातलं आहे. तेव्हा आयएसओ रोलवर छापून यायचा, छत्तीस फोटो संपेपर्यंत बदलायची सोयच नव्हती. बदलण्यासारख्या दोनच गोष्टी, शटर आणि अ‍ॅपर्चर, आणि त्या दोन्ही हातात आल्या की झालं मॅन्युअल. डिजिटलमध्ये आयएसओ दर फोटोला बदलता यायला लागला, पण एम या अक्षराचा अर्थ पुष्कळ कॅमेऱ्यांत तोच राहिला. शटर आणि अ‍ॅपर्चर तुमच्या हातात. आयएसओचं स्वतंत्र बटण आहे, ते ऑटोवर असेल तर एममध्येही ऑटोच.

आता तुमच्या रात्री काय झालं ते बघा. मीटरला काळा रंग कळत नाही, त्याला फक्त उजेड किती येतोय ते कळतं. समोर जे काही असेल त्याची सरासरी मध्यम राखाडी आली पाहिजे, एवढंच त्याला शिकवलेलं आहे. गणपतीच्या वेळी फ्रेममध्ये पितांबर होतं, मुखवटा होता, चमकणारे दागिने होते. सरासरी जमली, १६००वर काम भागलं. संकासुर तुम्ही बहुधा जवळून घेतला असणार. अर्धीअधिक फ्रेम काळा झगा आणि मागे गडद पडदा. मीटर म्हणाला, अंधार पडला. आयएसओ १६००चा ३२००, ३२००चा ६४०० झाला. दोन स्टॉप म्हणजे चौपट उजळ. काळ्याला त्याने राखाडी करून दाखवलं आणि बुरख्यावरची लाल जीभ जळून गुलाबी झाली. ६४००वर तो थांबला, कारण बहुधा तुमची वरची मर्यादा तेवढी ठेवलेली आहे. नाहीतर आणखी वर गेला असता.

मेनूत १६०० का दिसतं, तर काही कॅमेऱ्यांत ऑटो आयएसओ हा आकड्यांच्या यादीतला पर्याय नसून वेगळी कळ असते. ती चालू असली की तुम्ही लावलेला आकडा ही खालची पायरी होते. कॅमेरा त्याच्या खाली उतरत नाही, पण वर हवा तेवढा चढतो. व्ह्यूफाइंडरमध्ये खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'आयएसओ-ऑटो' असं काही लुकलुकत होतं का, आठवून बघा.

रानजाई

हो!! लुकलुकत होतं. मला वाटलं कार्ड भरत आलंय, म्हणून मध्येच कार्डही बदललं.

ऑटो चालू कसं झालं तेही आत्ता हातात घेऊन करून बघितलं. माझ्याकडे आयएसओचं बटण दाबून मागची डायल फिरवली की आकडा बदलतो, आणि तेच बटण दाबून पुढची डायल एक टिचकी फिरली की ऑटो चालू किंवा बंद. अंधारात चाचपडत मी ८००चा १६०० केला, तेव्हा पुढच्या डायलवर बोट घासलं असणार. नाटक सुरू व्हायच्या आधी काढलेले, काका रंगायला बसलेले फोटो काढून बघितले. त्यात सगळीकडे आयएसओ ८०० आहे, कुठेही हललेलं नाही. म्हणजे तोपर्यंत बंद होतं.

काजळदिवा, तुमचे आभार कसे मानू! उद्याच दुकानातून कॅमेऱ्याची पावती रद्द करून येते.

लेन्सवाले_काका

या निमित्ताने इतर वाचकांसाठी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी शोधत आलं तर सापडेल.

निकॉनवाल्यांनी शूटिंग मेनूत आयएसओ सेन्सिटिव्हिटी सेटिंग्जमध्ये जाऊन ऑटो कंट्रोल बंद आहे ना ते बघावं. ताईंनी सांगितलेली दोन डायलची तऱ्हा डी७५०, डी५०० अशा मॉडेलांत आहे. कॅननमध्ये आयएसओच्या यादीतच ऑटो असतं, आकडा निवडला की ते आपोआप सुटतं, त्यामुळे तिथे हा घोळ पटकन लक्षात येतो. पण कॅननमध्ये दुसरी एक गोष्ट आहे, ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर. आकडे तेच ठेवून ती जेपेगमधले अंधारे भाग उचलते. मॅन्युअलमध्ये ती बंद ठेवायचा पर्याय त्याच मेनूत आहे, तिथे खूण करून टाका. आणि कॅननवर आयएसओ १०० लावता येत नसेल, डी+ असं दिसत असेल, तर हायलाइट टोन प्रायॉरिटी (उजळ भाग जपणारी सोय) चालू आहे. ती २००च्या खाली जाऊ देत नाही.

फुजीवाल्यांनी डायनॅमिक रेंज (अंधार-उजेडाचा आवाका, मेनूत डीआर) तपासावी. डीआर ४०० ठेवलं तर मुळात आयएसओ २००पासून सुरू होणाऱ्या जुन्या मॉडेलांत आयएसओ ८००च्या खाली जात नाही, आणि माणूस समजतो कॅमेरा बिघडला.

सोनीत बहुतेकांची तक्रार उलटी असते. "काहीही बदललं तरी पडद्यावर फरक दिसत नाही." तिथे लाइव्ह व्ह्यू डिस्प्लेमध्ये सेटिंग इफेक्ट बंद झालेला असतो. फोटो बरोबर येतो, पडदा मात्र नेहमी उजळच.

आणि फ्लॅश! एमवर १/१००० लावलंय आणि फ्लॅश उघडला की आकडा झपकन १/२०० किंवा १/२५०वर येतो. हा दोष नव्हे. त्यापेक्षा वेगात शटरचे दोन्ही पडदे एका वेळी पूर्ण उघडे नसतातच, मधली फट सरकत जाते. फ्लॅश त्या क्षणी उडाला तर फोटोची एक पट्टीच उजळेल, म्हणून कॅमेरा आपणहून वेग कमी करतो.

नवी_पालवी

काका, माझाही असाच प्रश्न आहे, मदत कराल का? कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ आहे. एमवर एफ/३.५ लावते, झूम करते, आणि बघते तर एफ/५.६ झालेलं. फोटो काळपट. आयएसओ ऑटो नाही, बघितलं.

लेन्सवाले_काका

पालवी, तुझ्या लेन्सवर पुढे ३.५-५.६ लिहिलेलं असेल बघ. १८ला ती ३.५पर्यंत उघडू शकते, ५५ला ५.६पर्यंतच. तू मागितलेलं ३.५ त्या टोकाला अस्तित्वातच नाही, मग जेवढं जमतं तेवढं ती देते. फरक साधारण सव्वा-दीड स्टॉपचा पडतो, म्हणून काळपट. एफ/५.६ लावूनच सुरुवात कर, झूम कितीही केलंस तरी हलणार नाही. उजेड कमी पडला तर शटर हळू कर किंवा आयएसओ वाढव.

खारफुटी

ऑटो आयएसओला इतकं वाईट ठरवू नका, अशी विनंती. मी पक्ष्यांचे फोटो काढतो आणि मुद्दाम एम अधिक ऑटो आयएसओ वापरतो. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर नावेत बसलेलो असतो. रोहितांचा थवा उठला की मला शटर १/२००० हवंच आणि लेन्सच्या सगळ्यात धारदार अ‍ॅपर्चरवर राहायचं असतं. ढग येतो-जातो, थवा सावलीतून उन्हात जातो. तिथे बोटाने आयएसओ फिरवत बसलं तर पक्षी पलीकडच्या काठाला पोचलेले असतात. पेंटॅक्सने तर २००६च्या के१०डीमध्ये यासाठी टीएव्ही असा वेगळा मोडच दिला. शटर आणि अ‍ॅपर्चर तुमचं, आयएसओ कॅमेऱ्याचं, आणि डायलवर तसं स्पष्ट लिहिलेलं. माझ्या मते सगळ्याच कंपन्यांनी तसं करायला हवं होतं. एम म्हणजे एमच, आणि या मिश्र प्रकाराला वेगळं अक्षर. मग रानजाईंसारख्यांची रात्र वाया गेली नसती.

काजळदिवा

खारफुटी, शंभर टक्के अनुमोदन. वेगळं अक्षर हवंच. फरक इतकाच की तुमच्याकडे उजेड बदलतो, रानजाईंच्या मांडवात उजेड स्थिर होता आणि माणसं बदलत होती. उजेड पळत असेल तर कॅमेऱ्याला पळू द्यावं. उजेड बांधलेला असेल तर तिन्ही आकडे बांधावेत, मग समोर काळा येवो की पांढरा. आणि हे तुम्हाला माहीतच असेल, पण नवीन लोकांसाठी सांगतो. भिगवणला पांढरे पक्षी निळ्या आकाशावरून गडद झाडीवर आले की तिथेही ऑटो आयएसओ फसतो. तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम काळा किंवा उजळ करायची सोय) हाताशी ठेवावं लागतं.

खारफुटी

बरोबर. झाडीसमोर बगळा असेल तर मी उणे एकवर असतो. नाहीतर पिसांच्या जागी नुसता कागद.

फिरस्ता_सोलापूर

माझी दोन पैशांची भर. आकडे तिन्ही सारखे असूनही फोटो वेगवेगळे उजळ दिसत असतील, तर संगणकावरचं सॉफ्टवेअरही बघा. माझ्या लाइटरूममध्ये इम्पोर्ट करताना ऑटो टोन लागत होतं. महिनाभर मी कॅमेऱ्याला दोष देत होतो. कार्डवरची फाइल कॅमेऱ्याच्या पडद्यावर सारखी दिसते आणि संगणकावर वेगळी, एवढ्यावरून उलगडा होतो.

दुसरं, ब्रॅकेटिंग. एक बरोबर, एक काळा, एक उजळ, अशी तीनाची आवर्तनं दिसत असतील तर ते चालू राहिलंय. निकॉनमध्ये कॅमेरा बंद करून चालू केला तरी ते जात नाही, हाताने काढावं लागतं.

रानजाई

मंडळी, धागा वर काढतेय. काल शेजारच्या गावी त्याच मंडळाचा प्रयोग होता. ऑटो आयएसओ बंद. तीनदा तपासलं. मांडव जरा अंधारा होता म्हणून १/३२०, एफ/४, आयएसओ ३२०० लावून ठेवलं आणि रात्रभर हात लावला नाही.

आधी चांगली बातमी. संकासुर काळा आला! झग्याच्या घड्यासुद्धा दिसतायत.

पण आता वेगळंच सुरू झालंय. संकासुर नि भटजीचं भांडण चालू असताना मी सलग आठ फोटो घेतले, एका दमात. पहिले दोन ठीक. तिसरा बराच अंधारा. चौथा ठीक. पाचव्यात वरचा अर्धा भाग ठीक आणि खालच्या अर्ध्यावर तपकिरी पिवळट पट्टा, कुणी चहाचं पाणी ओतल्यासारखा. सहावा पुन्हा अंधारा. आठही फोटोंत आकडे अगदी तेच आहेत, आयएसओ ३२००च. सॉफ्टवेअरचं ऑटो नाही, ब्रॅकेटिंग नाही, फ्लॅश नाही. फिरस्ता म्हणतात तशी तीनाची आवर्तनंही नाहीत.

मला खरंच भीती वाटतेय की दुकानदार बरोबर होता.

बारीक_पाना

मी कॅमेरे उघडून दुरुस्त करतो, पंचवीस वर्षं झाली. ताई, धीर धरा.

एक लक्षात घ्या. फाइलमधले आकडे म्हणजे कॅमेऱ्याने दिलेला हुकूम, प्रत्यक्ष झालेलं काम नव्हे. एफ/८चा हुकूम दिला आणि लेन्सची पाती तेलकट होऊन अडकली, तर फाइलमध्ये एफ/८च लिहिलं जातं आणि फोटो मात्र उघड्या अ‍ॅपर्चरचा येतो. म्हणून आकडे सारखे आणि फोटो वेगळे असतील, तर यंत्राचा भाग तपासायला हवा. घरीच करा, खर्च नाही.

भर दुपारी, स्वच्छ उन्हात, एका साध्या भिंतीसमोर कॅमेरा तिवईवर ठेवा. तिन्ही आकडे बांधा. लेन्स पूर्ण उघडी ठेवून दहा फोटो घ्या. मग एफ/११ करून, शटर त्या हिशेबाने हळू करून दहा घ्या. लेन्स पूर्ण उघडी असते तेव्हा पाती हलतच नाहीत. म्हणून पहिले दहा सारखे आणि नंतरचे दहा कमीजास्त आले, तर दोष पात्यांचा. मग शटर १/४०००ला नेऊन आणखी दहा. फक्त तेच बिघडले तर शटरचे पडदे थकलेत. तिसही सारखे आले, तर कॅमेरा निर्दोष आहे असं मी लिहून देतो. आणि हो, हे उन्हातच करायचं, दिव्याखाली नाही. दिव्याखाली का नाही, ते त्या चहाच्या पट्ट्यावरून माझ्या लक्षात आलंय, पण आधी परीक्षा होऊ द्या.

रानजाई

केलं. गच्चीच्या भिंतीवर तीस फोटो. तिसही जसेच्या तसे. हिस्टोग्रामसुद्धा (उजेडाचा आलेख) एकावर एक बसतोय.

बारीक_पाना

मग कॅमेरा ठणठणीत. दोष दिव्यांत आहे. मांडवात एलईडी होते का?

फेज_न्यूट्रल

मी उत्तर देतो, कारण हा माझा धंदा. रत्नागिरीकडे मांडवाची लाइट करतो. जत्रा, लग्नं, भजनं, सगळं.

आपली वीज ५० हर्ट्झची. म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते आणि त्यात शंभर वेळा शून्याला येते. दर शून्याला दिवा मंद होतो. जुन्या हॅलोजनमध्ये तार तापलेली असते. एका सेकंदाच्या शंभराव्या भागात ती गार होत नाही, म्हणून उजेड फारसा हलत नाही. एलईडीला तसा साठा नसतो. वीज गेली की त्याच क्षणी उजेड गेला. चांगल्या फिटिंगमध्ये ड्रायव्हर (वीज सांभाळणारं आतलं सर्किट) हे खड्डे भरून काढतो. स्वस्त फ्लडलाइटमध्ये ड्रायव्हर नावापुरताच असतो. डोळ्याला काही कळत नाही, पण दिवा सेकंदाला शंभरदा मंदावत असतो.

ताईंचं शटर १/३२०. एक लाट दहा मिलिसेकंदांची, त्यातला जेमतेम तीनचा तुकडा त्यांच्या फोटोला मिळतो. तो तुकडा लाटेच्या माथ्यावर पडला तर फोटो ठीक, खड्ड्यात पडला तर अंधारा. आणि शटरची फट वरून खाली सरकत असताना लाट उतरली, तर अर्धा फोटो ठीक आणि अर्ध्यावर पट्टा. मंदावताना रंगही बदलू शकतो.

खात्री करायची साधी रीत सांगतो. रात्री त्या दिव्यासमोर पेन्सिल धरून भरभर हलवा. उजेड सलग असेल तर पेन्सिलीचा धुरकट पंखा दिसेल. लुकलुकत असेल तर वेगवेगळ्या दांड्या मोजता येतील.

उपाय म्हणजे पूर्ण लाट पकडायची. १/१०० म्हणजे एक पूर्ण लाट, १/५० म्हणजे दोन. मग तुम्ही कुठेही सुरुवात केली तरी माथा आणि खड्डा दोन्ही मिळणार. जनरेटरवर असेल तर पन्नास हे बरोबर पन्नासच राहील असं नाही, तिथे १/५० जास्त भरवशाचं.

टेक्सासकर

फेज_न्यूट्रल, किती छान समजावलंत. इथे अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्याने आम्ही १/६० किंवा १/१२५ धरतो. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या नाटकांत वापरलेले आकडे मी डिसेंबरात कणकवलीला जसेच्या तसे वापरले आणि असेच पट्टे आले होते. कारण आज कळलं.

लेन्सवाले_काका

नवीन कॅमेऱ्यांत यावर सोय आहे. कॅननने २०१४च्या ७डी मार्क टूमध्ये अँटी-फ्लिकर आणलं, निकॉनच्या डी५००मध्येही आहे. कॅमेरा लाट ओळखतो आणि माथा येईपर्यंत कणभर थांबून मग शटर सोडतो. ताई, तुमच्या मेनूत फ्लिकर रिडक्शन असं काही आहे का बघा. काही मॉडेलांत ते नुसत्या व्हिडिओसाठी असतं, तेवढं मात्र तपासा.

रानजाई

बघितलं, फक्त व्हिडिओसाठीच आहे. म्हणजे १/१००. पण १/१००वर संकासुर हलला तर? ते काका एका जागी उभे राहत नाहीत, सारखी गिरकी.

आडवाटेचा_कुडाळकर

ताई, मी लहानपणापासून धयकालो, म्हणजे दशावतार, बघत आलोय, त्यातलं एक सांगतो. पखवाजाकडे कान ठेवा. गिरकी संपते तिथे थाप पडते आणि त्या थापेवर नट मुद्रा घेऊन थांबतो. अर्धा सेकंद का होईना, थांबतोच. संकासुर तर प्रेक्षकांकडे बघून जीभ दाखवायला मुद्दाम थांबतो. तुमचा १/१०० तिथे पुरेल.

फेज_न्यूट्रल

आणखी एक करता येईल. मंडळाची आणि मांडववाल्याची परवानगी घेऊन रंगमंचाच्या एका बाजूला जुना ५०० वॅटचा एकच हॅलोजन लावून घ्या. चेहऱ्यावरचा उजेड सलग होईल, मग मागचे एलईडी लुकलुकले तरी चेहरा तुटत नाही. रंग मात्र पिवळा येईल, तो तुम्ही सांभाळा.

कारखान्यांत पूर्वी ट्यूबलाइटी असायच्या, तेव्हा शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर टाकायचे. एक मंदावला की दुसरा भर देतो. फिरतं यंत्र थांबल्यासारखं दिसून अपघात होऊ नये म्हणून ही पद्धत. जत्रेच्या मांडवात तीन फेज क्वचितच मिळतात, पण मिळाले तर मी आजही तसंच वाटून टाकतो.

रानजाई

परवा हंगामातला त्यांचा शेवटून दुसरा प्रयोग झाला. आता शांतपणे लिहितेय.

दुपारीच गेले. मांडववाल्या दादांना पेन्सिल हलवून दाखवली, त्यांनाही मोजता येतील इतक्या दांड्या दिसल्या. हॅलोजन त्यांच्याच टेम्पोत पडून होता. आनंदाने लावून दिला.

सेटिंग १/१००, एफ/४, आयएसओ १०००. ३२००वरून १०००वर आले, कारण शटर तेवढंच हळू केलं. ऑटो आयएसओ बंद, आणि बोट चुकूनही लागू नये म्हणून पुढच्या डायलवर कागदी चिकटपट्टी लावली. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं याचं सेटिंग) हॅलोजनखाली पांढरा रुमाल धरून बांधला. त्यामुळे मागचा पडदा जरा निळसर आला, पण चेहरे खरे आले.

कुडाळकर म्हणाले तसे कान पखवाजाकडे ठेवले. पहिले पंधरा-वीस फोटो हललेले आहेत. मग थाप कळायला लागली. संकासुर बाकड्यावर एक पाय टाकून पुढे झुकला, आणि जीभ आमच्या बाजूला करून थांबला. सलग चार फोटो मिळाले. चारही सारखे. झगा काळा, त्याच्या कडेला हॅलोजनची एक पिवळी रेघ, आणि जीभ लाल. जशी मला चौथ्या वर्षी दिसली होती तशी लाल.

काल बारा बाय अठराचा प्रिंट काढून काकांच्या घरी नेला. त्यांनी फोटो खिडकीपाशी नेला, चष्मा लावला, आधी जीभ बघितली. म्हणाले, "रंग बरोबर इलो." मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

काजळदिवा

ताई, डोळे भरून आले वाचून. तो फोटो इथे टाकाल का?

रानजाई

काकांना विचारून टाकते. शेवटच्या प्रयोगाआधी नको म्हणतील असं वाटतं.

फेज_न्यूट्रल

टाका नक्की. एक विचारायचं राहिलं. हॅलोजन पडद्यापासून किती लांब होता? ५०० वॅटची काच फार तापते, आणि दशावताराचे पडदे कापडीच.

रानजाई

सहा-सात फूट. बांबूला तारेने बांधला होता, आणि वायर मातीवरून न आणता मांडवाच्या आढ्यावरून घेतली.

फेज_न्यूट्रल

मग ठीक. शेवटच्या प्रयोगालाही तसाच लावून घ्या.